व्यवसायातून धर्मप्रचार : हक्क कोणाचा, दडपण कोणाचे?

(पुणे येथे नोकरदार व वकील बांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर; वाचकांसाठी थोडी भर घालून)



सभेत जे बोललो तेच येथे लिहून काढले आहे, आणि वेळेअभावी तेथे जे राहून गेले ते आता घातले आहे. विषय प्रथमदर्शनी तुम्हांस परका वाटेल. ख्रिस्ती डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, परिचारिका, कारकून यांनी नोकरी न सोडता, त्या नोकरीतूनच आपल्या धर्माचे काम कसे करावे, याचे रीतसर शिक्षण देण्याची एक पद्धत आहे. तिचा विचार आपण का करावा, असे सभेतही एका गृहस्थांनी विचारले. मी म्हटले, धर्मप्रचाराच्या हक्काला कात्री लागू लागली म्हणजे ती एका धर्मापुरती लागून थांबत नाही. ज्यांचे सारे जीवन एका धर्मांतराने पालटले त्यांनी तरी हे विसरू नये. हे झाले एक कारण. दुसरे कारण घरचे आहे.

माझ्या आजीचे माहेर त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्या घराण्याची एक शाखा अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली. दुसरी १९५६ नंतर बौद्ध झाली. महारवाड्यातील एकाच भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी. लग्नाला व मर्तिकाला आजही जाणेयेणे आहे. त्या ख्रिस्ती शाखेतला एक मुलगा, नात्याने माझा पुतण्या, हिंजवडीस एका संगणक कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. मागे एका रविवारी दुपारी तो घरी आला, चहा झाला, आणि मग त्याने विचारले, "काका, कचेरीत मी माझ्या धर्माविषयी बोललो तर तो गुन्हा होतो का?"

वकिलास असा प्रश्न आला म्हणजे त्याने उत्तर देण्याची घाई करू नये. मी उलट विचारले, "कोणाशी बोलतोस? केव्हा बोलतोस? आणि तो माणूस तुझा कोण लागतो?"

मग त्याने सारे सांगितले. सहा-सात नोकरदार माणसे शनिवारी सायंकाळी एकाच्या घरी जमतात. आठवडाभर प्रत्येकाने एक पाठ वाचावयाचा, त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहावयाची, आणि शनिवारी त्यावर चर्चा करावयाची. पाठात काय असते? काम वेळेवर आणि चोख करावे. लाच घेऊ नये, देऊ नये. खोटी बिले लावू नयेत. सहकारी आजारी पडला तर त्याच्या घरी जावे. असे वागणारा माणूस पाहून कोणीतरी एक दिवस विचारील की, तू असा का? त्या दिवशी त्याला ख्रिस्ताविषयी सांगावे. कामाचा वेळ मात्र मालकाचा आहे, तो यात घालवू नये. मी ऐकत होतो, आणि मनात म्हणत होतो, यातले निम्मेअधिक आपल्या नोकरदारांसही शिकवावयास हरकत नाही!

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. नोकरी न सोडता धर्मशिक्षण घेण्याची ही घरपोच रीत १९६३ साली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला येथे निघाली. तेथील विद्यालयाच्या लक्षात आले की, खेड्यातला जो कर्ता माणूस आहे तो शेत सोडून वसतिगृहात येत नाही, आणि जो येतो तो परत खेड्यात जात नाही. तेव्हा विद्यालयच माणसाकडे न्यावे, असे ठरले. हिंदुस्थानात याच रीतीने काम करण्यासाठी १९७१ साली बंगलोर येथे एक संस्था स्थापन झाली. तिचे विद्यार्थी नोकरदार होते. त्याच्या आधी, १९५४ साली, सुवार्तावादी विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना निघाली होती, आणि कॉलेज सोडून नोकरीस लागलेल्या पदवीधरांसाठी तिने वेगळी शाखा केली. आपल्या पुण्यात बिबवेवाडीस युनियन बायबलिकल सेमिनरी आहे. ती १९५३ साली यवतमाळास निघाली आणि १९८३ साली येथे आली. तेथे पूर्णवेळ धर्मसेवक तयार होतात. पण चर्चच्या लोकांस फार पूर्वीच कळून चुकले आहे की, पगारी धर्मसेवक जेथे पोचत नाही तेथे कारकून पोचतो, परिचारिका पोचते.

या कल्पनेचे नाव त्यांच्यात मोठे अर्थपूर्ण आहे. अशा माणसास ते 'तंबू शिवणारा' म्हणतात. ते नाव संत पौलावरून आले. बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अशी हकीकत आहे की, पौल करिंथ शहरी गेला तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे उतरला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच होता, तंबू शिवण्याचा. दिवसा शिवणकाम आणि शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात वादविवाद. आता पौलाने हे का केले, हा खरा प्रश्न आहे. त्याने आपल्या पत्रांतून त्याचे उत्तर दिले आहे. ज्यांना मी उपदेश करतो त्यांच्यावर माझ्या भाकरीचा भार पडू नये आणि माझ्या उपदेशाला कोणी पोटाचा धंदा म्हणू नये, असा त्याचा हेतू होता. म्हणजे पौलाची सुई ऐकणाऱ्याला मोकळे ठेवण्यासाठी चालत होती. ऐकणारा उठून गेला तरी त्याचे काही बिघडत नव्हते आणि पौलाचेही काही बिघडत नव्हते.

वाचकहो, हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढे नाव तेच राहिले आणि हेतू मात्र पालटत गेला.

विल्यम केरी हे नाव मराठी वाचकास ठाऊक आहे. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश छापला. हा केरी मूळचा इंग्लंडातील एका खेड्यातला जोडे शिवणारा. १७९३ साली तो बंगालात आला तेव्हा कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यास मोकळीक नव्हती. ती दारे पार्लमेंटाने १८१३ च्या सनदेने किलकिली केली. तेव्हा केरीने काय केले? माल्दा जिल्ह्यात मदनावती येथे नीळ तयार करण्याच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून राहण्यास परवानगी, आणि फावल्या वेळी बंगाली शिकून उपदेश! येथे व्यवसाय ही ढाल झाली. पुढे डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास तो गेला, फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषांचा अध्यापक झाला, आणि तो पगार त्याने मिशनच्या सामायिक तिजोरीत घातला. त्याच्या निःस्वार्थीपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या मजुरांकडून तो नीळ काढवून घेत होता ते मजूर त्याचा उपदेश ऐकताना मनाने कितपत मोकळे होते, हे त्यांना कोणी विचारले नाही.

श्रीरामपूरच्या मंडळींचा पहिला बंगाली बाप्तिस्मा १८०० सालच्या डिसेंबरअखेरीस झाला. कृष्ण पाल नावाचा सुतार होता. त्याचा हात खांद्यातून निखळला. मंडळींतील डॉक्टर जॉन थॉमस याने तो बसवला, आणि हात बसवता बसवता त्याला पापाविषयी व तारणाविषयी सांगितले. पुढे कृष्ण पाल स्वतः उपदेशक झाला आणि आयुष्यभर त्या श्रद्धेशी एकनिष्ठ राहिला. म्हणजे ती श्रद्धा खरी होती. तरीही वकिलाच्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. हात निखळलेला माणूस ज्याच्या हाती आपला खांदा देतो त्याला तो नाही कसे म्हणणार?

आता पुण्याचेच उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नावर पुणे शहर एकदा चांगलेच पेटले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आणले. उच्चवर्णीय विधवांसाठी ती शाळा होती. अमेरिकेतून पैसा येत होता, आणि शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असा करार होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळावर होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार त्यांनी बंद केले नाही. काही मुली येऊन बसू लागल्या. झाले! 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ साली सल्लागार मंडळातील या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती सदन उभारले आणि ते उघडपणे ख्रिस्ती ठेवले.

या प्रकरणी न्याय कसा द्यावा? मी पुष्कळ विचार केला आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्या खोलीत मी प्रार्थना करते, ती लपवून का करू? दार उघडे आहे. कोणास बोलावीत नाही, कोणास हाकलीत नाही. हे म्हणणे खरे आहे. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, जिला घरातून हाकलले आहे आणि जिच्या अन्नवस्त्राची सोय या एकाच छपराखाली आहे, ती मुलगी बाईंच्या उघड्या दाराकडे 'केवळ एक दार' म्हणून पाहू शकत नाही. हे म्हणणेही खरे आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. पण पुण्याच्या पुढाऱ्यांना मी उलटतपासणीत एक प्रश्न अवश्य विचारला असता. या विधवांच्या मनाच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी तुम्हांस आज वाटते. न्हाव्यास बोलावून त्यांचे डोके भादरले त्या दिवशी त्यांची संमती कोणी घेतली होती? त्या दिवशी कोणाचे राजीनामे पडले? (आणि याच शहरात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी उघडपणे सांगितले, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. तेव्हा शिकवणाऱ्याचा धर्म विद्यार्थ्यास चिकटतोच असेही नाही. १९४८ साली ६ डिसेंबरला घटना समितीत 'प्रचार' या शब्दावर वाद झाला, तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारी यांनीही आपल्या अनुभवाची साक्ष दिली की, चौदा वर्षे आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपणास बाटविण्याचा यत्न कोणी केला नाही. त्या दिवशी तो शब्द कायम राहिला.)

घटनेच्या पंचविसाव्या कलमातला तो शब्द. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस आहे. 'व्यक्तीस' म्हटले आहे, केवळ पाद्र्यास, भटजीस किंवा भिक्खूस म्हटलेले नाही. म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे होते. धर्माविषयी बोलणे हा गुन्हा नाही.

पण प्रकरण तेथे संपत नाही. १९५४ सालच्या एप्रिलमध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती आणि यवतमाळही त्याच राज्यात होते. समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला. त्यातील एक शिफारस आपल्या विषयाशी थेट भिडते. वैद्यकीय आणि इतर व्यावसायिक सेवांचा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी करावी, असे समितीने म्हटले. म्हणजे तंबू शिवणाऱ्याच्या सुईवरच समितीने बोट ठेवले.

आणि आता नियतीचा विनोद पहा. त्याच १९५६ सालच्या ऑक्टोबरात, त्याच नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या ऐतिहासिक सोहळ्यात ज्या नामांकित व्यक्तींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांत न्यायमूर्ती नियोगी होते! धर्मांतराच्या साधनांची छाननी करणारा न्यायाधीश स्वतः धर्मांतरित झाला. मी यात विसंगती पाहत नाही. त्यांना कोणी औषध दिले नव्हते, नोकरी दिली नव्हती. पण त्यांच्या अहवालाचा आधार घेऊन पुढे जे कायदे झाले त्यांकडे पाहिले म्हणजे वाटते की, नियोगींचे स्वातंत्र्य ज्यांना मान्य झाले त्यांनी आपल्या माणसांचे स्वातंत्र्य मात्र मान्य केले नाही.

ओडिशाचा कायदा १९६७ चा, मध्य प्रदेशाचा १९६८ चा. जबरदस्ती, फसवणूक आणि प्रलोभन यांनी धर्मांतर घडविणे हा गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री, अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सज्ञान स्त्री आणि सज्ञान दलित पुरुष हे कायद्याच्या लेखी मुलांच्या रांगेत बसले. ब्राह्मण न्यायाधीश धर्म बदलतो तेव्हा तो विचार करून बदलतो, आणि चांभार बदलतो तेव्हा त्याला कोणीतरी नादी लावलेले असते, अशी ही समजूत! मध्य प्रदेशाच्या कायद्यात तर 'जबरदस्ती' या शब्दात देवाच्या कोपाची भीती घालणेही आले. तो नियम गावोगावच्या भगतांस व पुजाऱ्यांस लावला असता तर तुरुंग पुरले नसते. पण ते असो. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हे कायदे वैध ठरवले. प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्यास आपल्या धर्मात आणण्याचा हक्क नव्हे, असे कोर्ट म्हणाले. घटनापंडित सीरवई यांनी त्या निवाड्यावर कडक टीका केली आहे. आपल्या राज्यातही २०२५ च्या फेब्रुवारीत शासनाने अशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली, हे वाचकांस स्मरत असेल.

माझे नम्र मत असे आहे की, या कायद्यांनी रोग ओळखला, पण नाडी चुकीच्या माणसाची धरली. श्रोता कोणत्या जातीचा आहे हा प्रश्नच नाही. बोलणाऱ्याची त्याच्यावर सत्ता आहे काय, हा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे सोळावे कलम काढून पहा. दोघांच्या संबंधात एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालवू शकेल अशा स्थितीत असेल, आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला, तर ती संमती खरी संमती नव्हे. अशी स्थिती केव्हा मानावी? ज्याचा अधिकार चालतो, ज्याच्यावर विश्वासाने विसंबलेले असते, किंवा समोरच्याचे मन वयाने, आजाराने, मानसिक वा शारीरिक क्लेशाने दुर्बळ झालेले असते, तेव्हा. कलमात जात नाही, धर्म नाही, स्त्री-पुरुष नाही. कृष्ण पालाचा निखळलेला खांदा या कलमात बसतो, सदनातली विधवा बसते. आणि कोठल्याही चौकात उभे राहून पत्रके वाटणारा पाद्री या कलमाबाहेर राहतो, कारण चौकातल्या माणसास पत्रक फेकून देता येते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. माझ्या कचेरीत, माझ्या खुर्चीमागे, भगवान बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मातंग समाजातल्या बाईंचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात अटकेत होता. जामिनाचा अर्ज मी चालवीत होतो. त्या बाई रोज सायंकाळी येऊन बसत. मी तरुण होतो, उत्साह दांडगा होता. कागद पाहता पाहता मी त्यांना धम्म समजावून सांगू लागलो. त्या मान हलवीत. मी आणखी सांगे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वंदनेचे पुस्तक मागून घेऊन गेल्या, आणि मला मोठा आनंद झाला. जामीन झाला. आठवड्याने त्या आल्या, पुस्तक टेबलावर ठेवले, आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, वाचता येत नाही मला. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नेलं होतं."

त्या दिवशी मी जेवलो नाही. आमच्या बार कौन्सिलचे नियम असे आहेत की, वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, दारावरची पाटीसुद्धा बेताची असावी. वकिली मागण्यास मला बंदी होती, ती मी पाळली. आणि अडल्या बाईच्या मानेवर माझा धम्म ठेवण्यास बंदी नव्हती, तेव्हा तो ठेवला. चित्रे भिंतीवर अजून आहेत. कोणी विचारले तर सांगतो, परंतु खटला निकालात निघाल्यावर.

म्हणून त्या रविवारी पुतण्यास विचारलेला प्रश्न, तो माणूस तुझा कोण लागतो, याला महत्त्व होते. तो म्हणाला, "माझ्या हाताखालची मुले आहेत." हिंजवडीच्या भाषेत तो 'टीम लीड' आहे. नऊ जणांच्या कामावर वर्षाअखेर शेरा तोच लिहितो. त्या शेऱ्यावर पगारवाढ ठरते, आणि मंदी आली तर कोणास घरी पाठवावे हेही ठरते. मी म्हटले, "त्या नऊ जणांशी बोलू नकोस. दुसऱ्या विभागातल्या बरोबरीच्या माणसाशी बोल, कॅन्टीनमध्ये बोल, तुझ्या साहेबाशी तर अवश्य बोल! तो तुला नको म्हणू शकतो." तो हसला. मग म्हणाला, "पण काका, रोजचा सहवास त्या नऊ जणांशीच आहे. माझे वागणे तेच पाहतात. त्यांच्यातल्या एकाने आपणहून विचारले तर?" मला याचे पक्के उत्तर देता आले नाही. मी एवढेच म्हटले की, विचारील त्याला एका वाक्यात सांग, आणि बाकीचे तो तुझ्या हाताखालून गेल्यावर सांग. पौलाने तंबूच्या गिऱ्हाईकास उपदेश केला असेल. कारागिरांच्या मजुरीवर शेरा लिहिता लिहिता केला असेल असे मला वाटत नाही.

त्यांच्या शिक्षणात पौल आहे, केरी आहे, विसाव्या शतकातला क्रिस्टी विल्सनही आहे. हा १९५१ ते १९७३ अफगाणिस्तानात होता. मिशनऱ्यास तेथे प्रवेश नव्हता, म्हणून शिक्षक म्हणून गेला. १९७३ साली त्याला देश सोडावा लागला आणि काबूलमध्ये बांधलेले चर्चही पाडले गेले. १९७९ साली त्याने या विषयावर लिहिलेले पुस्तक त्या मंडळींत प्रमाण मानले जाते. मी पुतण्यास विचारले, "सूसै आहे का तुमच्या पाठांत?" त्याने ते नाव ऐकले नव्हते.

सूसै हा मद्रासचा चांभार. आदिद्रविड जातीचा, धर्माने ख्रिस्ती. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा. १९८२ साली सरकारने रस्त्यावरच्या चांभारांस टपऱ्या फुकट देण्याची योजना काढली. शेजारच्या हिंदू चांभारांस टपरी मिळाली, सूसैस मिळाली नाही, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा राहत नाही. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३० सप्टेंबर १९८५ रोजी त्याचा अर्ज फेटाळला गेला. ख्रिस्ती समाजात गेल्यावरही त्या जातीच्या यातना तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत, असे दाखवणारा पुरेसा पुरावा आला नाही, असे कोर्ट म्हणाले.

पुरावा कोणी आणावयाचा होता? ख्रिस्ती डॉक्टर होते, प्राध्यापक होते, वकील होते, मोठमोठी महाविद्यालये होती. १९३८ सालच्या जानेवारीत सोलापुरास ख्रिस्ती बांधवांच्या सभेत बाबासाहेब बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपले मन आकर्षून घेतले, असे सांगून त्यांनी लगेच सुनावले की, तुमचा समाज राजकारणाविषयी उदासीन आहे. अस्पृश्यांच्या मुलांस शिष्यवृत्त्या मिळतात, त्याच मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतला की त्या बंद होतात, आणि त्यासाठी भांडणारे कोणी नाही. मिशनच्या सेवेविषयी त्यांना आदर नव्हता असे नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना भिक्खूंनी शिक्षणाच्या व वैद्यकीय सेवेच्या बाबतीत ख्रिस्ती धर्मसेवकांचा कित्ता घ्यावा, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. परंतु त्या शाळा-दवाखान्यांचा लाभ धर्मांतरित अस्पृश्यांपेक्षा इतरांनीच अधिक घेतला, आणि धर्मांतरितांच्या नागरी हक्कांचा प्रश्न मिशनांनी हाती घेतला नाही, हा त्यांचा आक्षेप कायम होता.

१९५० च्या आदेशात १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. त्या १९९० च्या दुरुस्तीसाठी आपल्या समाजाने किती मोर्चे काढले ते वडीलधाऱ्यांस विचारा. ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मांतरितांच्या प्रश्नावर २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. माझ्या आजीच्या माहेरी एकाच पणजोबांच्या दोन पणतवंडांपाशी आज दोन निरनिराळे दाखले आहेत. एकावर अनुसूचित जात आहे, दुसऱ्यावर इतर मागासवर्ग आहे. वाडा तोच, विहिरीवरची जुनी गोष्ट तीच.

पुतण्या गप्प झाला होता. मग म्हणाला, "आमच्या वर्गात सारे इंजिनिअर आणि डॉक्टर. चांभार कोणी नाही." मी म्हटले, "पौल बसला असता का रे तुमच्या वर्गात? आणि केरी?"

जाताना त्याने सूसैच्या निवाड्याची प्रत मागितली. मी ती छापून दिली, सोबत १९५० च्या आदेशाचीही दिली. त्या शनिवारी पाठ बाजूस ठेवून त्यांनी हे कागद वाचले, असे त्याने नंतर फोनवर सांगितले. वर्गातल्या एका डॉक्टरबाईंनी विचारले की, आपल्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या मुलांस कोणता दाखला मिळतो, आणि तो कोण काढून देतो? उत्तर कोणास देता आले नाही. तेव्हा पुतण्याने मला विचारले आहे की, एका शनिवारी येऊन दाखल्याचा अर्ज कसा भरावयाचा, कोणते पुरावे जोडावयाचे, आणि नाकारला तर अपील कोठे करावयाचे, हे समजावून सांगाल का. मी जाणार आहे. वंदनेचे पुस्तक नेणार नाही.